लेसर पॉइंटर : पाच मिलिवॅटच्या पुढे जाऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की बेळगावजवळच्या राजहंसगडावर, खानापूरकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या माळांवर तारे बघायला जाणाऱ्यांचे बेत ठरू लागतात. हल्ली अशा गटात कुणाच्या तरी खिशात हिरवा लेसर पॉइंटर असतोच. ‘तो बघ, त्या झाडाच्या शेंड्यावर’ असे सांगत बसण्यापेक्षा हिरवी रेघ थेट ताऱ्यावर टेकवता येते. वस्तू खरोखरच उपयोगाची आहे. ती घेताना मात्र ‘जितके मिलिवॅट जास्त तितका माल चांगला’ या समजुतीने घात होतो. मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग, हे किरणाच्या ताकदीचे माप. हौसेच्या कुठल्याही कामाला ५ मिलिवॅटच्या वर काही लागत नाही.

हा ५ चा आकडा कुठून आला ते आधी सांगतो. दिसणाऱ्या रंगाचा लेसर १ मिलिवॅटपर्यंत असेल तर तो धोक्यानुसार केलेल्या वर्गांपैकी वर्ग २ मध्ये येतो. डोळ्यावर चुकून आला तरी पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही. १ ते ५ मिलिवॅट हा वर्ग ३आर. यात जपून वापरणाऱ्याला धोका कमी. ५ ते ५०० मिलिवॅट म्हणजे वर्ग ३बी. तिथे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या वर वर्ग ४, ज्याच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे टक लावून बघणेही धोक्याचे. अंतराचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. किरण किलोमीटरला साधारण एक मीटर पसरतो असे धरले, तर ५ मिलिवॅटचा पॉइंटर सुमारे १६ मीटरपर्यंत डोळ्याला घातक, ५०० मिलिवॅटचा सुमारे १६० मीटर आणि एक वॅटचा सव्वादोनशे मीटरपर्यंत. एक वॅटचा लेसर हातात घेऊन गल्लीत उभे राहिले तर अख्खी गल्ली त्या टप्प्यात येते.

उजेडासाठी ताकद वाढवण्यापेक्षा रंग निवडा. डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो. रंग ओळखायचा तो तरंगलांबीवरून, आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. तेवढ्याच ५ मिलिवॅटमध्ये ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ६५० च्या लाल लेसरपेक्षा जवळजवळ आठपट उजळ दिसतो. वर्गात फळ्यावर किंवा प्रोजेक्टरच्या पडद्यावर दाखवायला १ मिलिवॅटचा लाल पुरतो. एलईडी टीव्हीच्या पडद्यावर मात्र कुठल्याच लेसरचा ठिपका नीट उमटत नाही. तिथे काठी बरी. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा तर घेऊच नये. तो हिरव्यापेक्षा हजार पटींहून मंद दिसतो, म्हणून पापणी मिटत नाही, पण आत जाणारी ताकद तेवढीच असते. पांढऱ्या शर्टावर तो झगझगतो ते धुण्याच्या पावडरीतल्या उजळ करणाऱ्या द्रव्यामुळे.

खरेदी करताना चिठ्ठी वाचा. तिच्यावर वर्ग, कमाल मिलिवॅट, तरंगलांबी, आयईसी ६०८२५-१ हा लेसर-सुरक्षेच्या मानकाचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचे नाव हवे. यातले काहीच नसेल तर वस्तू परत ठेवा. चिठ्ठी असली तरी ती खरीच असते असे नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर मोजल्याचे जाहीर केले. त्यांतले जवळजवळ ९० टक्के हिरवे आणि ४४ टक्के लाल नियमात बसले नाहीत. म्हणून ही ढोबळ पारख लक्षात ठेवा. ५ मिलिवॅटच्या हिरव्या लेसरची हवेतली रेघ गडद अंधारातच दिसते. ट्यूबलाइटच्या उजेडात ती स्पष्ट दिसत असेल तर चिठ्ठी खोटी. विक्रेता काडी पेटवून किंवा काळा फुगा फोडून दाखवत असेल तर तो लेसर ५ मिलिवॅटच्या कितीतरी पुढचा आहे, तिथून निघावे. ‘५० मैल पल्ला’, ‘९९०० एमएएच बॅटरी’ असल्या जाहिरातीही ओळखाव्यात. रिचार्ज होणाऱ्या १८६५० मापाच्या अस्सल सेलची क्षमता फार तर साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते आणि वजन ४५ ग्रॅमच्या पुढे. हाताला हलका लागणारा सेल बनावट समजा. दोन साध्या ट्रिपल ए सेलवर चालणारा, बटण दाबून धरले तरच पेटणारा पॉइंटर घ्यावा. बटण चालूच राहणारा नको.

हिरव्या लेसरमध्ये एक आतली गोष्ट आहे. बहुतेक स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आधी ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य इन्फ्रारेड डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, तोही अदृश्यच. दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो तेव्हा ५३२ चा हिरवा मिळतो. शेवटी इन्फ्रारेड अडवणारी काच बसवायची असते. पैसे वाचवायला तीच गाळली जाते. २०१० मध्ये एनआयएसटीनेच तपासलेल्या एका पॉइंटरमधून फिका हिरवा आणि त्याच्या कितीतरी पट इन्फ्रारेड बाहेर पडत होता. थंडीत हा प्रकार बिघडतो. डायोडची तरंगलांबी तापमानाबरोबर सरकते, हिरवा मंदावतो, पण इन्फ्रारेड चालूच राहतो. कणकुंबीच्या डिसेंबरातल्या पहाटे पॉइंटर फिका पडला की ‘सेल संपले’ म्हणून तोंडाकडे वळवून बघण्याचा मोह होतो, आणि नेमका तोच क्षण सर्वांत वाईट. पॉइंटर दहा मिनिटे आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेने तो जागेवर येतो. यापेक्षा बरे म्हणजे ५२० नॅनोमीटरचा थेट डायोडचा हिरवा घ्यावा. त्यात इन्फ्रारेडचा प्रश्नच नाही.

जुना ५३२ चा पॉइंटर असेल तर घरी एक चाचणी करता येते. टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा काही दिसत नाही, सेल्फीच्या कॅमेऱ्यात मात्र रिमोटचे टोक बऱ्याचदा लुकलुकताना दिसते. म्हणजे तो कॅमेरा इन्फ्रारेड पाहतो. आता एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात २५ सेंटिमीटर रुंदीचा पांढरा कार्डबोर्ड उभा करा, मधोमध पेन्सिलीएवढे भोक पाडा. त्याच्या समोर बरोबर १० सेंटिमीटरवर जुनी सीडी उभी ठेवा, चकचकीत बाजू कार्डकडे. पॉइंटर कपड्याच्या चिमट्याने असा पक्का करा की किरण भोकातून जाऊन सीडीच्या मधल्या पट्ट्यावर सरळ पडेल आणि परतून भोकाजवळच येईल. सीडीवरच्या बारीक रेघा प्रकाश फाकवतात. कार्डच्या आतल्या बाजूवर भोकापासून साडेतीन सेंटिमीटरवर एक हिरवा ठिपका पडतो आणि सुमारे ८.९ सेंटिमीटरवर दुसरा. फोन खोक्याच्या वरच्या कडेला टेकवून, टायमर लावून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो घ्या; स्वतः वाकून आत बघू नका. सेल्फी कॅमेऱ्याच्या फोटोत सुमारे ५.८ सेंटिमीटरवर जास्तीचा ठिपका उमटला आणि दुसऱ्यात नसला, तर तो ८०८ चा इन्फ्रारेड आहे आणि तो पॉइंटर वापरातून काढावा. ठिपका नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, कारण १०६४ चा ठिपका हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावर अगदी नेमका पडतो आणि त्यात लपतो. ज्याची रेघ उजेडात दिसते अशा पॉइंटरवर ही चाचणी करूच नये.

माळावर वापरताना गटाला पॉइंटर धरणाऱ्याच्या दोन-तीन मीटरच्या आत, त्याच्या मागे उभे करा. रेघ ताऱ्यावर टेकलेली धरणाऱ्याला आणि त्याच्या जवळच्यांनाच दिसते, लांब उभ्या असलेल्याला ती भलत्याच ताऱ्याकडे गेल्यासारखी वाटते. पहिल्या पावसानंतर हवा धुतली जाते तेव्हा रेघ फिकी दिसते, धुक्यात ती जाड होते. दोष पॉइंटरचा नसतो. दहा सेकंद चालू, तेवढाच वेळ बंद, असे वापरा. सलग चालवला की तापून मंदावतो. पॉइंटर एकाच मोठ्या माणसाच्या हातात असावा, मुलांत फिरवू नये. गाडीच्या काचा, आरसे, स्टीलची भांडी, तळ्याचे पाणी यांवरून किरण तसाच परततो.

विमानांचे तर बोलायलाच हवे. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचे केंद्रही आहे. ५ मिलिवॅटचा हिरवा लेसर जवळजवळ साडेतीन किलोमीटरवरच्या वैमानिकाचे लक्ष विचलित करू शकतो आणि साडेतीनशे मीटरच्या आत त्याला समोरचे दिसेनासे करू शकतो. कॉकपिटच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांमुळे तो ठिपका राहत नाही, सगळी काच हिरवी होते, तीही उतरण्याच्या वेळी. बटण दाबण्याआधी चहूकडे आकाश बघा, लुकलुकता दिवा किंवा इंजिनाचा आवाज जाणवला की थांबा, आणि क्षितिजालगत किरण कधीच नेऊ नका. विमानावर लेसर मारणे हा गुन्हा आहे. महामार्गावरच्या वाहनचालकावर मारण्यातही तेवढाच धोका आहे.

चुकून डोळ्यावर आला तर मान फिरवा, डोळा चोळू नका. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, म्हणून ‘दुखत नाही’ हा पुरावा नव्हे. चौकटीच्या वहीच्या पानावर मधोमध ठिपका काढा, एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या ठिपक्याकडे बघा, मग उलट करा. रेघा वाकलेल्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला आणि काही मिनिटांत गेला नाही, तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवा. साधा गॉगल लेसरसाठी निरुपयोगी आहे. चष्मा त्याच तरंगलांबीसाठी बनलेला लागतो.

जत्रेतल्या पालांवर मिळणाऱ्या, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायच्या लेसरमध्ये बटणासारखे तीन छोटे सेल असतात. मुलाने एक जरी गिळला तरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तो खेळणे म्हणून देऊ नये.

आता गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांबद्दल, कारण तिथले लेसर हातातल्या पॉइंटरच्या हजारपट ताकदीचे असतात. बाहेरच्या काही देशांत लेसर शोचा दंडक असा आहे की किरण प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किमान ३ मीटर वर आणि बाजूला अडीच मीटर दूर राहावा. आपल्या जुन्या गल्ल्यांत हा दंडक खाली उभ्या माणसाला वाचवतो, पण ३ मीटरवर बरोबर पहिल्या मजल्याची गॅलरी येते, आणि तिथे म्हातारी माणसे व कडेवर मुले घेतलेल्या बायका उभ्या असतात. फिरणारा आरसा अडकला की पसरलेला किरण एका जागी थांबतो आणि सगळी ताकद एकाच डोळ्यात जाते. अरुंद गल्लीतून मिरवणूक जात असताना मंडळांनी लेसर बंदच ठेवावेत ही आमची कळकळीची विनंती आहे. मोकळ्या चौकात लावायचेच असतील तर यंत्र उंच ठेवून किरण आकाशाकडे, सांबऱ्याची दिशा सोडून, आणि बंद करण्याच्या बटणापाशी सतत एक माणूस.

घरात जास्त ताकदीचा पॉइंटर आधीच आला असेल तर तो शेजाऱ्याला देऊ नका, विकूही नका. सेल काढा, त्यांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, पॉइंटरचे तोंड काळ्या टेपने बंद करा आणि दोन्ही वस्तू ई-कचऱ्यात वेगवेगळ्या द्या.

आपले,
आकाशनिरीक्षणाची हौस असलेले काही वाचक
बेळगाव व खानापूर