चौघींचं घर आणि शंभराच्या वर जाणारी बेरीज

लाडक्या लेकीस अनेक आशीर्वाद.

कॉलेज संपल्यावर तुम्ही चौघी मैत्रिणी मिळून शहरात फ्लॅट घेताय हे ऐकून मला बरं वाटलं. काळजीचं खातं आईकडे आहे, ती स्वतंत्र बोलेल. फोनवर तू एक वाक्य बोललीस, "बाबा, आमच्यात पैशांवरून कधी वाद झालेला नाही." अगं, कॉलेजात तुमच्याकडे वाद घालण्याइतके पैसे होतेच कुठे? आता एकीचा पगार दुसरीच्या दीडपट असेल, एक रात्रपाळी करून सकाळी झोपायला येईल, एक दर शनिवार-रविवार गायब असेल. मैत्रिणी त्याच असल्या, तरी हिशेब नवा आहे.

तुम्ही भांडाल तेव्हा बहुधा कोणीच खोटं बोलत नसेल. अवघड भाग तोच. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना विचारलं, की घरातल्या अमुक कामाची किती जबाबदारी तुम्ही उचलता? नवरा-बायकोंनी वेगवेगळी उत्तरं दिली. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडणं उकरून काढण्यासारख्या, मिरवण्याजोग्या नसलेल्या गोष्टींतही तसंच झालं, त्यामुळे नुसती बढाई म्हणून ते सोडून देता येत नाही. आपण घासलेलं भांडं आपल्या लक्षात राहतं; दुसरीने घासलेलं भांडं आपल्याला फक्त जागेवर दिसतं. दोघांत ही गत, तर तुम्ही चौघी. चौघींनाही मनापासून वाटणार आहे की घर आपल्याच जिवावर चाललंय. तुलाही वाटेल, आणि तेव्हा तू स्वतःवर पूर्ण विश्वास ठेवू नकोस.

म्हणून पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावायच्या फंदात पडू नका. पहिला महिना तो छान चालतो. मग एकीची पाळी चुकते, आणि पुढची म्हणते, मागच्या आठवड्याची घाण मी का काढू? त्यापेक्षा अख्खं काम एकीच्या नावावर करा. बाथरूम एकीचं, कचरा आणि फरशी दुसरीची, ओटा-सिंक तिसरीचं, बिलं आणि घरमालकाशी बोलणं चौथीचं. तीन-चार महिन्यांनी अदलाबदल. मग तुंबलेली मोरी कोणाची हा प्रश्न उरत नाही. "स्वच्छ" म्हणजे किती स्वच्छ, हेही एकदा उभ्या उभ्या दाखवून ठरवा, कारण पसारा जिला आधी दिसतो तिच्याच गळ्यात काम पडतं, आणि जिला दिसत नाही ती निर्धास्त असते. तू कोणत्या गटातली आहेस हे खुर्चीवरचा तुझा ओला टॉवेल सांगेल.

आता भाडं. चार खोल्या सारख्या नाहीत म्हणालीस. एक मोठी, गॅलरीची आणि एक जेमतेम पलंग मावेल अशी. समान वाटणी केलीत तर लहान खोलीतली गप्प बसेल आणि वर्षभर आतून धुमसेल. पगाराच्या प्रमाणात वाटावं असंही कोणी सुचवेल, ते मला पटत नाही. भाडं खोलीचं असतं, आणि उद्या एकीची नोकरी बदलली की सगळं पुन्हा मांडावं लागेल. जिला अडचण आहे तिला मदत करायची तर उघड, वेगळी करा.

माझा उपाय गणिताचा आहे, हसू नकोस. एकूण भाडं १०० धरा. प्रत्येकीने चिठ्ठीवर चारही खोल्यांसमोर आपण जास्तीत जास्त किती देऊ ते लिहायचं, फक्त चारही आकड्यांची बेरीज १०० व्हायला हवी. चौघींना चार खोल्या २४ प्रकारेच वाटता येतात. ज्या वाटणीत लिहिलेल्या आकड्यांची बेरीज सर्वांत मोठी येते ती घ्यायची. ती १०० पेक्षा कमी कधीच येत नाही. समज ११२ आली, तर वरचे १२ चौघींत सारखे वाटून प्रत्येकीला ३ सूट. तू गॅलरीच्या खोलीसाठी ३२ लिहिले असतील आणि ती तुला मिळाली, तर तू २९ देशील. स्वतः लिहिलेल्या आकड्याहून जास्त कोणालाच द्यावं लागत नाही. मग "मला फसवलं" असं म्हणणार कोणाला? याहून कडक अट घातली, की प्रत्येकीला आपलीच खोली तिच्या भाड्यासकट सर्वांत बरी वाटावी, तरी अगदी साध्या गृहीतकांखाली तशी विभागणी असतेच, हे फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये दाखवलं. त्यासाठी वापरलेलं प्रमेय १९२८ चं, त्रिकोणांचे कोपरे रंगवण्याबद्दलचं! पण तुमच्या घराला चिठ्ठ्या पुरेत.

करार मात्र चौघींनी बसून वाचा. एकाच करारावर चौघींच्या सह्या असतील, तर बहुतेक वेळा जबाबदारी सामाईक असते आणि प्रत्येकीची पूर्णही असते. म्हणजे एकीने भाडं थकवलं किंवा मध्येच निघून गेली, तर तिचा वाटा घरमालक उरलेल्या तिघींपैकी कोणाकडूनही मागू शकतो. तुझ्या वाट्याचे पैसे तू वेळेवर दिलेस एवढ्याने तू सुटत नाहीस. तेव्हा जाणारीने किती आधी सांगायचं, तिच्या जागी येणारी कोणी शोधायची, आणि तिच्या डिपॉझिटचा वाटा तिला कधी आणि कोण देणार, हे तुमच्या तुमच्यात कागदावर लिहून ठेवा. घर ताब्यात घ्याल त्याच दिवशी, सामान लावायच्या आत, प्रत्येक भिंतीचे, नळाचे, दाराचे फोटो काढून घरमालकाला पाठवून द्या. सोडताना जुन्या ओरखड्याचे पैसे कापले जायला नकोत.

मोठ्या वस्तू वर्गणीने घेऊ नका. फ्रिज एकीचा, वॉशिंग मशीन दुसरीचं. घर मोडेल तेव्हा प्रत्येकजण आपापलं घेऊन जाते. फ्रिजचा चौथा हिस्सा कोणालाच नेता येत नाही.

कोणाचा मित्र आठवड्यातले चार दिवस मुक्कामाला राहू लागला, तर तो पाहुणा उरत नाही, पाचवा भाडेकरू होतो. तो चांगला मुलगा असला तरी. हे आत्ताच, कोणाचाच मित्र समोर नसताना ठरवा. नंतर त्यातला प्रत्येक शब्द त्याच्यावरच घेतला जाईल.

आणि चौघींच्या ग्रुपवर "कोणीतरी सिंक तसंच ठेवलंय" असं कधी लिहू नकोस. ते "कोणीतरी" कोण हे चौघींनाही माहीत असतं, आणि बोलायचं टाळलंस हेही. जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोल, त्याच दिवशी, गोष्ट लहान असतानाच.

सही करण्याआधी कराराची प्रत मला पाठव. खोल्यांच्या चिठ्ठ्याही पाठवा, चोवीस बेरजा मी करून देतो. कोणी कोणत्या खोलीला किती लिहिलं, हे मात्र तुलासुद्धा सांगणार नाही.

तुझा,
बाबा