लुंडला निघालेल्या ऋतुजास

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

जर्मनीतलं गटिंगेन सोडून शनिवारी स्वीडनमधल्या लुंडला चाललीस, हे आईकडून कळलं. मागे प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांवरून मी जास्तच बोललो म्हणून मला टाळलंस ना? या पत्रात तो विषय नाही.

तू सांगितलेली ‘गिफ्ट’ची गंमत मी बागेत सगळ्यांना ऐकवतो. इंग्रजीत भेट, जर्मनीत विष. डच लोक भेटीला गिफ्ट आणि विषाला गिफ म्हणतात. स्वीडिशमध्ये तर विषही तेच आणि लग्न झालेलाही तोच! लिहायचं गिफ्ट, म्हणायचं यिफ्ट. मूळ एकच, ‘देणे’. ग्रीकमध्ये औषधाची मात्रा म्हणजे ‘डोसिस’, दिलेलं. त्याच धर्तीवर जर्मनांनी ‘गिफ्ट’ वापरला आणि मात्रेचं विष झालं. स्वीडिश लग्न मात्र आपल्या कन्यादानाच्या वाटेनं आलं. तिथल्या कागदांवर तू ‘ऊयिफ्ट’, अविवाहित. हे आईला सांगितलेलं नाही, उगाच ती सुरू होईल.

बागेतल्या सदाला काही नवल वाटलं नाही. म्हणाला, “आप्पा, आपलं काय वेगळं? द्राक्षावर मारतो तेही औषधच, अन् कुणी औषध प्यालं म्हटलं की गाव दवाखान्याकडं पळतं.” मला एकदम तू आठवलीस. डाउनी रोगावरचा फवारा चालू होता, तू ब्लोअरपाशी रिकामा डबा उचलून लाल त्रिकोणावर बोट ठेवलंस: “औषध आहे तर कवटी कशाला?” आईनं तुझे हात साबणानं किती वेळा धुतले! मी मात्र उघड्या हातानं मोरचूद कालवायचो, बोटं निळी व्हायची.

म्हणून म्हणतो, नायट्राइलचे हातमोजे सगळ्याला पुरत नाहीत. डायक्लोरोमिथेन नावाचं ते द्रावक काही मिनिटांत त्यातून पार होतं, मी वाचलंय. सांडलं की लगेच मोजा काढायचा, हातातलं काम संपवत बसायचं नाही. तुला ती सवय आहे, अर्धवट ठेवून उठवत नाही.

बघ, काढलाच विषय. दहावी पास बाप पीएचडी करून डॉक्टर झालेल्या पोरीला शिकवतोय, राग मानू नकोस. तासगावात कुणी विचारलं की तुझ्या कामाचं नाव मी न अडखळता सांगतो, दोनदा सांगतो.

आत्याचा गुडघा बरा आहे. छाटणी आटोपली. पोचलीस की आईला नको, मला फोन कर. आणि तिथं रात्री प्रयोगशाळेत एकट्यानं थांबू देतात का, तेवढं पहिल्याच दिवशी विचारून घे.

तुझा,
आप्पा