अधिक मास आणि तोराहचे पाठ

संपादक महोदय,

यहुदी धर्माविषयीच्या आपल्या पुरवणीतील लेखात, सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदींच्या प्रार्थनागृहात, दर शनिवारी ‘आवडीचा अध्याय’ वाचतात, असे विधान आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही. तोराहचे, म्हणजे यहुदींच्या धर्मग्रंथातील पहिल्या पाच पुस्तकांचे, ५४ भाग पाडलेले असून प्रत्येक भागाला ‘पाराशा’ म्हणतात, आणि कोणत्या शनिवारी कोणता पाराशा वाचायचा हे पंचांगच ठरवते. सिम्हात तोराह या सणाला शेवटचा भाग संपताच त्याच बैठकीत ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या ओळींना प्रारंभ होतो.

आपल्याप्रमाणेच त्यांच्याही पंचांगात अधिक मास आहे, १९ वर्षांत सात वेळा. त्या वर्षी आठवडे वाढतात आणि बहुतेक भाग सुटे वाचता येतात. एरवी काही भाग दोन-दोन जोडावे लागतात. ‘निर्गम’ या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीचे ‘वायाखेल’ आणि ‘पेकुदे’ हे त्यातलेच एक जोडपे. निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेसाठी उभारलेल्या तंबूच्या, खुंट्या, पडदे, कड्या यांचा काटेकोर हिशेब त्यात आहे. अनेकांना तो रुक्ष वाटतो, मला मात्र एखाद्या प्रामाणिक कारभाऱ्याच्या जमाखर्चाच्या वहीसारखा वाटतो.

तोराहच्या चर्मपत्राच्या गुंडाळीवर स्वरचिन्हे नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला उच्चार आणि सूर आधी घोकून यावे लागते. अक्षरांना बोट लागू नये म्हणून टोकाला हाताचा आकार असलेली लहानशी कांडी ओळीवरून फिरते. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायली यहुदींना आपण ‘शनिवार तेली’ म्हणत आलो. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले. ज्यांची मायबोली मराठी आहे, त्यांच्या उपासनेविषयी लिहिताना एवढी चौकशी व्हायला हवी होती.

आपला,
एक वाचक, अलिबाग