अडकलेले बटण आणि रोजची गोळी

महोदय,

कर्करोगाविषयीच्या बातम्या बहुधा ‘पेशींची बेसुमार वाढ’ एवढे सांगून थांबतात. ती वाढ मुळात का सुटते, हेही वाचकांना सांगावे, ही विनंती. आपल्या शरीरात प्रथिन-किनेज या प्रकारची पाचशेहून अधिक विकरे (एन्झाइम) असून ती एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेट घेऊन दुसऱ्या प्रथिनाला जोडतात आणि त्याचे काम सुरू किंवा बंद करतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात (ही अदलाबदल अमेरिकी शास्त्रज्ञ जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिली) आणि त्यातून निर्माण होणारे बीसीआर-एबीएल हे किनेज, बटण अडकून दिवा जळतच राहावा तसे, अखंड चालू राहते.

२००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध या किनेजच्या एटीपी बसण्याच्या खोबणीतच जाऊन बसते, त्यामुळे एटीपीला जागा उरत नाही आणि किनेजचे काम थांबते. माझी धाकटी बहीण ती गोळी रोज जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घेते. बरे वाटू लागल्यावर तिने मध्यंतरी गोळ्या टाळल्या, कारण त्या खोबणीची गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती. खोबणीतले एखादे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बदलले तरी औषध निष्प्रभ ठरू शकते, म्हणून बीसीआर-एबीएलची रक्तचाचणी ठरल्या वेळी करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी या औषधाच्या एका रूपाचे पेटंट नाकारल्याने स्वस्त गोळ्यांची वाट खुली राहिली. त्या का चुकवू नयेत, हे आपल्या आरोग्य पुरवणीतून सविस्तर यावे.

आपली वाचक,
सातारा