समासातल्या तीन शब्दांसाठी

रामबागेतल्या काकूंना,

सादर नमस्कार. नाव छापलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं काकू.

आभार तीन शब्दांचे आहेत. 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' या इंग्रजी पुस्तकात नायिका एस्पेरांसा आपल्या नावाबद्दल सांगते, त्या पानाच्या समासात तुम्ही फिक्या पेन्सिलीने लिहिलंत : आस लावून बसणे.

त्याआधी मिळाल्या होत्या त्या शिकवणीच्या नोट्स. घर म्हणजे स्वातंत्र्य, खिडकी म्हणजे बंधन, झाडं म्हणजे जिद्द. एस्पेरांसा म्हणजे आशा. पाठ करा आणि उतरवा. त्या नोट्समध्ये पुस्तकातल्या राफाएला आणि सॅली या दोघी एकच बाई होऊन बसल्या होत्या! फी घेऊन शिकवणाऱ्याने जेमतेम शंभर पानांचं पुस्तक वाचलेलं नसावं, याचा राग अजून गेलेला नाही.

सांड्रा सिस्नेरोस यांचं हे पुस्तक १९८४चं. शिकागोतल्या मेक्सिकन वस्तीतली मुलगी, आणि ४४ छोटी प्रकरणं, काही तर अर्ध्या पानाचीही नाहीत. नावाच्या प्रकरणात ती सांगते की इंग्रजीत या नावाचा अर्थ आशा, पण स्पॅनिशमध्ये त्यात दुःख आहे, वाट पाहणं आहे. 'एस्पेरार' या स्पॅनिश क्रियापदात आशा धरणं आणि वाट पाहणं दोन्ही येतं. हे इंग्रजीत समजावायला परिच्छेद लागतो. तुम्ही घरातली मराठी काढलीत आणि वर 'बसणे'सुद्धा आलं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी अशा इंदुरात वाढलेल्या मुलींना हे पुस्तक कुठल्या दाराने आत घ्यायचं, ते तुम्हाला बरोबर ठाऊक होतं.

मग तुम्ही विचारलंत, "आता बघा, बसलंय कोण कोण?"

आखीव कागदावर चार रकाने : कोण, कुणी बसवलं, खिडकीतून काय आत येतं, काय बाहेर जातं. नायिकेची पणजी, हिचंही नाव एस्पेरांसाच. पणजोबांनी डोक्यावर पोतं टाकून उचलून नेली आणि तिचा जन्म खिडकीत गेला. शेजारची मामासिता खिडकीशी बसून स्पॅनिश रेडिओ ऐकते, इंग्रजीला घरात घ्यायचं नाही म्हणते, आणि एक दिवस तिचंच बाळ टीव्हीवरच्या जाहिरातीचं इंग्रजी गाणं म्हणायला लागतं. राफाएलाला नवरा मंगळवारी डॉमिनो खेळायला जाताना कोंडून जातो. ती वरून एक डॉलर टाकते, पोरं नारळाचा नाहीतर पपईचा रस आणतात, आणि ती कपडे वाळत घालायच्या दोरीला कागदी पिशवी बांधून तो वर ओढून घेते. इथे तुम्ही थांबलात. "हिचा चौथा रकाना रिकामा सोडू नका. हिची दोरी बाहेर जाते." शेवटी सॅली. आठवीच्या आधीच लग्न, आणि नवरा खिडकीबाहेर बघूही देत नाही. ती जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमवरचे गुलाब बघत बसते. तिचे खिडकीचे दोन्ही रकाने कोरे राहिले, तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही.

'खिडकी म्हणजे बंधन' हे वाक्य तिथेच कोसळतं. सॅलीपाशी खिडकीसुद्धा उरत नाही. प्रतीक पाठ केलं की ही घसरण दिसतच नाही. बायका क्रमाने मांडल्या की दिसते. एस्पेरांसा म्हणते, पणजीचं नाव घेतलं, खिडकीतली जागा नको. मग जेवण झाल्यावर ती पुरुषासारखी उठते, खुर्ची आत सारत नाही, ताट उचलत नाही. तुमच्या कागदावर तिच्यापुढे एकच शब्द होता : उठली.

बाकीचं भराभर झालं. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, म्हणून मोठ्याने वाचायचं आणि आवाज बदलेल तिथे उभी रेघ मारायची. पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवायचं : घरांची तीच यादी, पण सुरुवातीला तिला सगळ्यात जास्त आठवतं ते सारखं घर बदलणं, शेवटी आठवतं ते मँगो स्ट्रीटचं उदास लाल घर. आणि एस्पेरांसा म्हणजे लेखिकाच असं धरून चालायचं नाही, नाहीतर रचना सोडून आपण चरित्र शोधत बसतो.

काकू, तुम्ही पैसे घेतले नाहीत, हे खरं. पण त्याहून मोठं हे की चुकीचं उत्तर आलं तरी तुम्ही हसला नाहीत. "कुठल्या ओळीवरून वाटलं?" एवढंच विचारायचात, आणि ओळ सापडेपर्यंत थांबायचात. समोरच्याला वाचता येतं असं धरून चालणारी माणसं आहेत, म्हणून अशी पुस्तकं आमच्यापर्यंत पोचतात. ते शब्दही तुम्ही इतके फिके लिहिलेत, की नको असतील तर आम्हाला खोडता यावेत.

खोडलेले नाहीत. वरून शाईने गिरवलेलेही नाहीत. पुस्तक आता पुढच्या मुलीकडे गेलं आहे आणि सोबत चार रकान्यांचा कागद आहे, कोरा.

तुमच्या,
बुधवारच्या मुली
इंदूर