आगशीच्या धक्क्यावर एक फलक हवा

महोदय,

गोव्यात जुवारी नदीच्या नव्या पुलावर निरीक्षण मनोरे उभे करायचे घाटते आहे. त्याला माझा विरोध नाही. मला सांगायचे आहे ते खालच्या आगशीच्या जुन्या धक्क्याविषयी.

1983 साली पहिला पूल होईपर्यंत मडगाव-वास्कोच्या माणसाला पणजीची जवळची वाट म्हणजे कुठ्ठाळी-आगशी फेरीबोट. माझी आई तिला शेवटपर्यंत मोटारबोटीच्या जुन्या नावाने 'गाझोलीन'च म्हणाली. माझी कॉलेजची वर्षे ह्या बोटीत गेली. कुठ्ठाळीला बसमधून उतरायचे, बोटीने पलीकडे जायचे, तिथे दुसरी बस धरायची. लोखंडी फळी उतारावर खरखरत टेकायच्या आतच माणसे उड्या टाकत, कारण पुढच्या बसमध्ये जागा मिळवायची असे. सकाळची बोट आगशीहून वांग्यांच्या पाट्या घेऊन यायची. पाटी डोक्यावर चढवायला हात लावला, की बाई दोन वांगी माझ्या पिशवीत टाकायची.

ही नदी ओलांडण्याचा इतिहास फेरीबोटीहून कितीतरी जुना. 1560च्या सुमारास कुठ्ठाळीचा देव मंगेश पोर्तुगीज हद्दीबाहेर, नदीपार प्रियोळला नेला गेला. त्याच काळात शेजारच्या केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आजी बोटीत पाय ठेवताना पाण्याला हात जोडायची, "देव इथूनच गेले गो," म्हणायची.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन आगशीच्या धक्क्यावर गेले. उताराच्या भेगांत गवत माजले आहे, पाण्यालगत शेवाळ आणि कालवांची टरफले. दोर बांधायचा खुंट गंजला आहे, पण दोराने घासून पडलेली खाच अजून बोटाला लागते. नातवाने तिच्यात बोट घालून विचारले, "हे कशाने झाले?" त्याला सांगायला मी होते. एरवी तिथे एका ओळीचाही फलक नाही.

कुठ्ठाळीहून मडकईला फेरी अजून सुटते, म्हणजे हे काम जाणणारी माणसे आहेत. आगशीच्या फेरीवर राबलेले जुने खलाशी आता सत्तरी-ऐंशीत असतील. नदी परिवहन खात्याने त्यांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. धक्का साफ करून तो खुंट आहे तिथेच ठेवावा आणि शेजारी मराठी-कोकणीत फलक लावावा. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजी-बेतीच्या फेरीबोटींनीच लोकांना पलीकडे पोचवले. पूल असला तरी फेरीची गरज कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून मनोऱ्यांच्या कामात हा उतार बुजवू नये, एवढी काळजी आताच घ्यावी.

— एक निवृत्त शिक्षिका, सांकवाळ