पावसातली टेस्ट ड्राइव्ह नाकारल्याबद्दल व बुकिंगच्या रकमेबद्दल तक्रार

दिनांक : २२ जुलै २०२५
नाशिक

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या पावसाळी सुरक्षिततेबाबत माहिती न देणे, ओल्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह नाकारणे आणि बुकिंगची रक्कम परत न करणे.

महोदय / महोदया,

आपल्या नाशिक येथील अधिकृत विक्रेत्याकडे मी यंदाच्या अक्षय्य तृतीयेला आपल्या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे बुकिंग केले आणि त्यापोटी २,००,००० रुपये भरले. गाडी दसऱ्याला घरी आणायचे ठरले आहे. किमतीबद्दल, रंगाबद्दल किंवा एवढे दिवस थांबावे लागण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मागच्या चाकांवर चालणारी, साडेतीनशेहून अधिक हॉर्सपॉवरची ही गाडी आमच्याकडच्या पावसात चालवणे सुरक्षित आहे का आणि असल्यास कोणत्या अटींवर, हा एकच प्रश्न मी बुकिंगच्या दिवसापासून विचारत आहे. त्याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही, आणि ते मिळवण्याचा सर्वांत साधा मार्ग मी सुचवला तेव्हा तोही बंद करण्यात आला.

हा प्रश्न मला का पडला, हे मुंबईबाहेरच्या पावसाची कल्पना नसलेल्या अधिकाऱ्यासाठी सांगणे भाग आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा यंत्रांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे आणि महिन्यातून तीन-चार वेळा मला भिवंडी-ठाण्याकडे जावे लागते. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या इगतपुरीत तो ३,००० मिलिमीटरच्या वर जातो. पाथर्डी फाट्यावर ऊन असते, घोटीला वायपर शेवटच्या वेगावर टाकावे लागतात, आणि कसारा घाटात धुके, डोंगरावरून रस्त्यावर आलेले पाणी आणि चढावर दमलेल्या ट्रकांनी सांडलेले डिझेल हे सगळे एकाच वळणावर भेटते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जूनमध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो हे खरे. परंतु तिथे सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातल्या कोरड्या रस्त्यावरून बाहेर पडताच एका क्षणात पाण्यात शिरावे लागते, आणि टायरच्या दृष्टीने ते घाटापेक्षा सोपे आहे असे मला वाटत नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मला भीती वाटते, असा निष्कर्ष आपल्या विक्रेत्याने काढला आणि तो मला समजुतीच्या सुरात ऐकवलाही. तो चुकीचा आहे. मी गाडी शिकलो ती वडिलांच्या ॲम्बॅसॅडरवर, आणि कारखान्याचा माल अनेक वर्षे वाहिला तो ओम्नीने. या दोन्ही गाड्या मागच्याच चाकांवर चालत. पण ॲम्बॅसॅडरचे इंजिन पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवरचे होते आणि ओम्नीचे चाळीसच्याही आतले. तिथे ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी मागची चाके जागच्या जागी फिरवण्याइतका जोर नव्हता, म्हणून आमच्या पिढीला ओल्या रस्त्यावर मागून गाडी सुटणे म्हणजे काय हे फारसे कळलेच नाही. प्रश्न चाके पुढची की मागची एवढाच असता तर मी आपल्याला पत्र लिहिले नसते. प्रश्न त्या चाकांवर येणाऱ्या जोराचा आहे, आणि तो जोर रस्त्यापर्यंत पोहोचवणाऱ्या टायरचा आहे.

बुकिंगपूर्वी मला टेस्ट ड्राइव्ह देण्यात आली होती. ती एप्रिल महिन्यात, भर दुपारी, गंगापूर रोडवर सोमेश्वरपर्यंत आणि परत अशी झाली. रस्ता तापलेला होता, टायर चिकटल्यासारखे धरत होते आणि गाडीने मला इतका आनंद दिला की मी बुकिंग करून मोकळा झालो. यात माझी घाई झाली हे मी मान्य करतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, चार दिवस झड लागलेली असताना, मी शोरूममध्ये गेलो आणि तीच गाडी, तोच रस्ता, फक्त ओला, अशी मागणी केली. मला सांगण्यात आले की या गाडीची टेस्ट ड्राइव्ह पावसात देत नाहीत, आपण पाऊस उघडला की या. कारण विचारले असता ‘वरून तशा सूचना आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. बाहेर पडताना तिथल्या एका कर्मचाऱ्याने हळू आवाजात सांगितले की मागच्या पावसाळ्यात टेस्ट ड्राइव्हची गाडी वळणावर मागून सुटून दुभाजकाला टेकली होती. त्या कर्मचाऱ्याचे नाव मी या पत्रात घेणार नाही आणि आपणही त्याचा शोध घेऊ नये अशी विनंती आहे, कारण या सगळ्या व्यवहारात मला कामाची माहिती देणारा तो एकटाच होता.

जी गाडी आपले प्रशिक्षित कर्मचारी पावसात शोरूमच्या फाटकाबाहेर काढत नाहीत, ती मी जून ते सप्टेंबर रोज काढावी अशी अपेक्षा आहे काय? या प्रश्नावर मला ई-मेलने उत्तर आले, त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात लिहिले आहे की ‘अत्याधुनिक स्थैर्य नियंत्रण प्रणालीमुळे गाडी सर्व हवामानांत संपूर्ण सुरक्षित आहे’. ही प्रणाली १९९५ पासून मोटारींत येऊ लागली आणि तिने असंख्य अपघात टाळले आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती काम कशी करते? गाडी चालकाने वळवलेल्या दिशेपेक्षा वेगळीकडे वळू लागली की एखाद्या चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावायचा आणि इंजिनचा जोर कमी करायचा, एवढेच तिच्या हातात असते. ब्रेक लागणार तोही टायरनेच. टायरखाली पकडच उरली नसेल तर प्रणालीकडे वाटायला काही उरत नाही. शिवाय आपल्याच माहितीपुस्तिकेनुसार ‘स्पोर्ट’ मोडमध्ये ही प्रणाली उशिरा हस्तक्षेप करते. म्हणजे ‘संपूर्ण’ हा शब्द एका बटणावर अवलंबून आहे, आणि ई-मेल लिहिणाऱ्याने त्या बटणाचा उल्लेखही केलेला नाही.

मी यंत्रावर काम करणारा माणूस आहे, म्हणून मला जे समजले ते इथे मांडतो. त्यात चूक असल्यास आपल्या अभियंत्यांनी ती दाखवावी. टायरकडे पकडीची एक ठरावीक पुंजी असते. ती गाडी पुढे ढकलण्यात, थांबवण्यात आणि वळवण्यात वाटून खर्च होते, आणि रस्ता ओला झाला की मूळ पुंजीच जवळपास निम्म्यावर येऊ शकते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणावर जोर जास्त झाला तर पुढची चाके घसरतात, गाडी वळणाबाहेर जाऊ लागते, घाबरलेला चालक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि बहुतेक वेळा गाडी सावरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याच चुकीने मागचा भाग बाहेर पडतो, आणि घाबरून एकदम पाय काढला तर वजन पुढे झुकून मागची चाके आणखी हलकी होतात. एका गाडीत जी सहज प्रतिक्रिया चालकाला वाचवते तीच दुसऱ्या गाडीत त्याला भोवू शकते. त्यात आपल्या गाडीला मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या वेगांत फार फरक पडू न देणारी यंत्रणा, आहे. कोरड्या रस्त्यावर ते वरदान, पण ओल्या रस्त्यावर जोर जास्त झाल्यास मागची दोन्ही चाके एकदम फिरू लागतात आणि बाजूला सरकणे रोखायला त्यांतले एकही मोकळे राहत नाही. उताराच्या वळणावर खालचा गियर झटक्याने टाकण्याचाही परिणाम जवळपास तोच, कारण इंजिनचा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो.

यांपैकी एकही गोष्ट मला शोरूममध्ये सांगण्यात आली नाही. तिथे ब्रेकचे फार कौतुक झाले. ब्रेक चारही चाकांना असतात आणि त्यात मागच्या-पुढच्या चाकांचा हा वाद येतच नाही, हे बाजूला ठेवू. घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो याचे माप, कोरड्या डांबरावर ०.८ आणि पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या डांबरावर ०.४ धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगातली कोणतीही गाडी पहिल्या ठिकाणी सुमारे ३१ मीटरमध्ये थांबते आणि दुसऱ्या ठिकाणी तिला ६३ मीटर लागतात, तेही ब्रेक दाबण्याआधी गेलेला वेळ न धरता. ब्रेक कितीही भारी असले तरी हा हिशेब टायरने बदलतो, ब्रेकने नाही.

म्हणून मी टायरबद्दल विचारले. या गाडीचे मागचे टायर २७५ मिलिमीटर रुंद आहेत. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर शोभतो आणि धरतोही, पण साचलेल्या पाण्यावरून जाताना त्याला तेवढेच जास्त पाणी बाजूला सारावे लागते. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून मांडलेले एक जुने सूत्र आहे. त्यात ३२ पीएसआय हवा धरली तर पुरेशा खोल पाण्यावर टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाला तरंगू शकतो. समृद्धीवर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मग ओल्या रस्त्यावरच्या पकडीत या टायरची श्रेणी कोणती, असे मी विचारले, कारण युरोपात टायर विकताना ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी दाखवणे बंधनकारक आहे आणि आपली गाडी तिथेही विकली जाते. श्रेणी नावाचे काही असते हेच विक्री प्रतिनिधीला माहीत नव्हते. नवीन टायरची खाच किती मिलिमीटर खोल आहे, आणि पावसाळ्यापुरता टायर किती झिजल्यावर बदलावा, यावरही उत्तर ‘कायद्याने १.६ मिलिमीटर’ असेच आले. १.६ ही कायद्याची किमान मर्यादा आहे. कसारा घाटात मुसळधार पावसात तेवढ्या खाचेच्या रुंद टायरवर आपल्या कंपनीचा कोणता अभियंता स्वतःच्या मुलांना बसवील, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

‘साहेब, ही गाडी युरोपात बर्फात चालते’ असेही मला दोनदा ऐकवण्यात आले. चालते, पण टायर बदलून. जर्मनीत तर बर्फाळ परिस्थितीत हिवाळी टायर लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे. गाडी सगळीकडे चालते असे सांगताना त्यासाठी तिकडचे लोक काय करतात हे गाळून टाकणे, ही माझ्या मते या तक्रारीतली सर्वांत गंभीर बाब आहे.

माझे स्वतःचे मत अजून गाडीच्या विरोधात गेलेले नाही. ओल्या रस्त्यावर चांगली श्रेणी असलेले, पुरेशी खाच शिल्लक असलेले टायर, थंड टायरला नेमकी सांगितलेली हवा, पावसाळी मोड आणि पाय हलका ठेवण्याची सवय, एवढ्यावर ही गाडी सांभाळून चालवता येईल असा माझा अंदाज आहे. परंतु ती मी एकटा चालवणार नाही. पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी सुट्टीत आली की तीही चालवील; तिने आजवर फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या चालवल्या आहेत, आणि तिच्या हाती किल्ली देताना मला अंदाजावर विसंबायचे नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(९) नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक यांबाबत माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि किमतीचा काही भाग भरलेली व्यक्तीही त्या कायद्याने ग्राहकच ठरते. ११ जुलै रोजी मी बुकिंग रद्द करण्याची तयारी दाखवली तेव्हा रक्कम परत मिळणार नाही असे मला तोंडी सांगण्यात आले. तसे लेखी देण्यास मात्र नकार मिळाला. मला दिलेली पावती मी पुन्हा वाचून पाहिली. तिच्यावर तशी कोणतीही अट छापलेली नाही.

तरी आपणांस विनंती की मला ओल्या रस्त्यावर, रहदारीपासून दूर, आपल्या प्रशिक्षकासह टेस्ट ड्राइव्ह द्यावी, आणि त्या वेळी माझ्या मुलीलाही गाडीत बसू द्यावे. त्याबरोबर टायरची ओल्या रस्त्यावरची श्रेणी, नवीन खाचेची खोली, पावसाळ्यात टायर बदलण्याची आपल्या अभियंत्यांनी सुचवलेली मर्यादा, हवेचा दाब, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर स्थैर्य नियंत्रण प्रणाली आपोआप पूर्ण चालू होते की नाही, याची लेखी माहिती द्यावी. हे शक्य नसेल तर २,००,००० रुपये कोणतीही कपात न करता माझ्या खात्यात परत करावेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत यांपैकी काहीही न झाल्यास मला नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल.

टेस्ट ड्राइव्हची तारीख कळवताना ती सप्टेंबर संपण्यापूर्वीची असावी. दिवस ठरवण्यासाठी इगतपुरीचा पावसाचा अंदाज पाहिला तरी पुरेसे आहे. आपल्या सूचनेप्रमाणे पाऊस उघडण्याची वाट मात्र पाहू नये.

कळावे,

आपला,
(स्वाक्षरी)
बुकिंगधारक ग्राहक, नाशिक

सोबत : बुकिंगच्या पावतीची प्रत, विक्रेत्याकडून आलेल्या ई-मेलची प्रत.